बिनकामाचा रकाना

कॉफीचा कप हातात धरून तो कॅन्टीनमध्ये रिकामी खुर्ची शोधत होता, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी त्याची नजर एका ओळीवर पडली ती तिथंच अडकली. पहिल्या वर्षाची कुणी मुलगी पुढ्यात छापील पानं पसरून बसली होती आणि पिवळ्या मार्करनं ती ओळ रंगवत होती. ‘मालक दिवसातले तीन तास निव्वळ बोलण्यात घालवतात.’ ओळ पुरती रंगवून झाल्यावर तिनं बाजूला एक उद्गारचिन्ह काढलं, जरा थांबली, आणि आणखी एक काढलं. ते वाक्य त्यानं लिहिलं होतं, आणि ते मालक म्हणजे त्याचे वडील. एमबीएची दोन वर्षं संपत आली होती. या दोन वर्षांत त्यानं स्वतः असे कितीतरी मालक रंगवले होते, हिरवे, पिवळे, गुलाबी. हा कुणाचा तरी बाप असेल, घरी जाऊन पाय धुऊन जेवायला बसत असेल, असं कधी चुकूनही मनात आलं नव्हतं. आता मात्र त्या पोरीच्या हातातला मार्कर काढून घ्यावा असं त्याला फार वाटलं. पण असलं काही करायचा त्याचा पिंड नव्हता, त्यामुळं तो कप घेऊन नुसता उभा राहिला.

मुलीनं वर बघितलं. “तुम्ही दुसऱ्या वर्षाला ना? ही केस तुमच्या वर्गात झाली होती म्हणे.”

“झाली होती.”

“मग काय ठरलं? कारखाना बंद करावा की चालू ठेवावा?”

“बंद.”

“सगळ्यांचं तेच मत?”

“सगळ्यांचं.”

“वाटलंच मला.” ती खूष झाली. तिचं उत्तर बरोबर आलं होतं. मग मार्करचं टोपण दातात धरून तिनं शेवटचं पान उलटून पाहिलं, मागं काहीच नव्हतं. “पण पुढं काय झालं हो त्या मालकाचं? इथं शेवट दिलेलाच नाही.”

“ठाऊक नाही,” तो म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कॉफी तशीच टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. दुपारी नेतृत्वगुणांचा तास होता, हजेरी लागणार होती, पण त्याचे पाय परस्पर फाटकाकडं वळले. स्टॉपवर उभं राहिल्यावरही कानात आपलाच आवाज वाजत होता, ठाऊक नाही, ठाऊक नाही, जणू कुणी पत्ता विचारला होता आणि तो इथं नवखा होता. बस आली. खिडकीशी जागा मिळाली. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तासाभराचा रस्ता. हॉस्टेलवर राहायला आल्यापासून तो महिन्यातून एकदा जायचा, अलीकडं तेही होत नव्हतं. अभ्यास आहे, मुलाखती आहेत, नोकरीचे कागद आहेत. कारणं बरीच होती आणि सगळी खरी होती. खरं कारण एवढंच, की वडिलांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगायला आता इतका उशीर झाला होता की तोंड दाखवायलाही नको वाटत होतं. गोष्ट साधी होती. वर्गात मी जे बोललो आणि जो हात वर केला, ते मनापासून नव्हतं. बस्स, एवढंच वाक्य. केसच्या पानांवर त्यानं याच्या दसपट लांब वाक्यं लिहिली होती.

त्यांच्या संस्थेत शंभरातले चाळीस गुण बोलण्याचे. वर्ग अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि दाराजवळच्या छोट्या टेबलाशी एक मदतनीस बाई कागद घेऊन बसलेली. कुणी तोंड उघडलं की बाई त्याच्या नावापुढं खूण करणार. काय बोललं याला किंमत नव्हती असं कुणी म्हणणार नाही, पण आधी खूण आणि मग किंमत. म्हणून लोक उठायचे, ‘मला आधीच्या मुद्द्यात थोडी भर घालायची आहे’ म्हणायचे, आधीचाच मुद्दा जरा सजवून सांगायचे आणि समाधानानं खाली बसायचे. त्याला हे जमायचं नाही. मुद्दा सुचायचा, पण तो मनात घोळवून बोलण्याजोगा होईपर्यंत वर्ग दोन मुद्दे पुढं गेलेला असायचा. वर्गानं त्याचं नाव घुम्या ठेवलं. प्रेमानंच ठेवलं, पण ठेवलं. पहिल्या सत्राच्या शेवटी त्याच्या नावापुढं अवघ्या चार खुणा होत्या, त्यातली एक पंखा बंद करू का असं विचारल्याची. प्राध्यापकांनी खोलीत बोलावून सांगितलं, “तुम्ही लिहिता उत्तम. पण कंपनीत तुमचं लिहिलेलं कुणी वाचत नाही, तुमचं बोललेलं ऐकतात. काहीतरी करा.” घुम्यानं मान डोलावली, आणि तीही मुक्यानंच.

गंमत अशी, की याच घुम्याचा बाप बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. शिलाई मशीन दुरुस्तीचा त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीशी फळ्या, फळ्यांवर उघडी पडलेली मशीनं, आणि मधोमध एक स्टूल ज्यावर ते सकाळी बसायचे ते दिवेलागणीला उठायचे. मशीनच्या तेलाचा वास त्यांच्या बोटांना कायमचा चिकटलेला. लहानपणी ते जवळ घ्यायचे तेव्हा त्याला तो वास आवडायचा, दहावीनंतर आवडेनासा झाला, आणि आता बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कपड्यांना कुठून तरी तसाच वास येत होता तर त्याला खिडकीकडं वळवलेलं तोंड पुन्हा आत घ्यावंसं वाटलं. गिऱ्हाईक आलं की वडील आधी स्टूल पुढं करायचे. मशीनकडं बघायचेही नाहीत. काय शिवताय सध्या? जाड कापड की पातळ? मशीनवर तुम्ही बसता की सूनबाई? जागा हलवली का? मग गाडी सुनेवरून नातवावर, नातवावरून गुडघेदुखीवर जायची आणि तिथून केव्हातरी वळसा घेऊन पुन्हा दोऱ्यावर यायची. तोवर वडिलांना कळलेलं असायचं, दुखणं कुठं आहे ते. मग मशीन दोन मिनिटांत उघडायचे, दहा मिनिटांत मिटायचे, आणि कापडाच्या पट्टीवर एक सरळ टाका घालून ती पट्टी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे. काम मोठं असेल, आठवडा लागणार असेल, तर शिंप्याचे हात रिकामे राहू नयेत म्हणून आपल्याकडचं एखादं मशीन वापरायला द्यायचे. अशी सात बदली मशीनं होती, आणि ती कधीच सगळी एका वेळी कारखान्यात नसायची.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकानं एक खरी केस, म्हणजे एखाद्या चालू धंद्याची हकीकत, वर्गात चर्चेसाठी लिहून आणायची होती. इतरांनी मामाच्या कंपन्या गाठल्या, काकांच्या ओळखी काढल्या. त्याच्याकडं होता तो बाप होता. प्राध्यापक एकदम खूष झाले. “छोटा धंदा, एकखांबी मालक, वा! नावं बदला, बाकी सगळं खरं ठेवा. आणि मला वेळेचा तक्ता पाहिजे. दहा दिवस, प्रत्येक मिनिट.” तक्त्याचा छापील नमुना त्यांनीच दिला. त्यात दोन रकाने होते: कामाचा वेळ आणि बिनकामाचा वेळ. दहा दिवस तो कारखान्याच्या कोपऱ्यात फोनवरचं घड्याळ लावून बसला. वडिलांना भारी मजा वाटत होती. गिऱ्हाईकांना सांगायचे, “जरा भरभर बोला बरं का, आमचे साहेब मोजायला बसलेत.” दुपारी डबा उघडला की विचारायचे, “घास चावतोय तो कुठल्या रकान्यात लिहिलास रे?” तो हसायचा आणि खरोखरच बिनकामाच्या रकान्यात लिहायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक शिंपीणबाई हातगाडीवर मशीन घालून आली. दमलेली, वैतागलेली. दोरा तुटतो, म्हणाली, आणि दुपारनंतरच तुटतो, सकाळी सुतासारखं चालतं. वडिलांनी तिला पाणी दिलं, बसवलं. मशीनला हातसुद्धा लावला नाही. डोळ्यांचं कसं आहे, विचारलं. डोळे अधू झालेत, ती म्हणाली, दुपारी उजेड फिरला की मशीन दारापासून खिडकीकडं सरकवते. खिडकीपाशी फरशी कशी आहे? एक जरा उठलीय. मग मुलाचं लग्न, जावयाची बदली, घरमालकाची कटकट, असं सगळं झालं, आणि बावीस मिनिटांनी वडील म्हणाले, “बाई, मशीन ठणठणीत आहे. खिडकीशी न्याल तेव्हा मागच्या उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी ठेवा. जा घेऊन.” ती गेली. चार दिवसांनी मुद्दाम सांगायला आली की दोरा तुटत नाही. ती मशीन घेऊन आली त्या दिवशीच तक्त्यासमोर त्याचं पेन अडलं होतं. मशीन दुरुस्त झालं होतं, म्हणजे काम झालं होतं. पण हात चालले नव्हते, म्हणजे काम झालं नव्हतं. त्यानं पट्टी काढली, दोन रकान्यांच्या मध्ये तिसरा आखावा म्हणून पानावर टेकवलीसुद्धा. तिसऱ्या रकान्याला नाव काय द्यावं ते सुचेना. शिवाय नमुना सरांचा होता, छापील होता. त्यानं पट्टी उचलली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: गिऱ्हाईक एकतीस. बोलणं बावीस मिनिटं. काम शून्य. मशीन न उघडता परत.

बस सिग्नलला थांबली होती. शेजारी रस्ता खणून ठेवला होता, आणि दोन कामगार खड्ड्याच्या काठावर बसून कशावर तरी पोट धरून हसत होते. आपण त्या पट्टीला तेव्हा जरा जोर दिला असता तर, असं त्याच्या मनात आलं. एक रेघ. सगळं आयुष्य काही एका रेघेवर ठरत नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि लगेच त्याला वाटलं की ठरतं, बऱ्याचदा अशाच फालतू गोष्टींवर ठरतं, आपल्याला मोठी कारणं हवी असतात म्हणून आपण ती मागाहून शोधतो. चूक काय होती हे त्याला आज कळलं असं नाही. ते त्याला त्या दिवशीही कळत होतं. न कळणाऱ्याला निदान माफी असते.

प्राध्यापकांची एक पद्धत होती. ज्याची केस, त्या माणसालाच ते कधीकधी गुपचूप वर्गात बोलवायचे आणि शेवटच्या रांगेत बसवायचे. कुणी पाहुणा आलाय एवढंच मुलांना कळायचं. तास संपताना सर त्याची ओळख करून द्यायचे, वर्ग चपापायचा, टाळ्या व्हायच्या, पाहुणा पाच मिनिटं बोलायचा. ‘कागदावरचा माणूस खरा असतो, हे मुलांना कळायला पाहिजे,’ असं ते म्हणायचे, आणि त्यात त्यांचा हेतू चांगलाच होता. केस कुणाची हे आधी फोडायचं नाही अशी त्यांची ताकीद, त्यामुळं हा माणूस आपला कोण हे त्यानं वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. नखांतलं काळं घासून घासून काढलं होतं, तरी थोडं राहिलं होतं. फाटकाशी त्यानं त्यांना गाठलं तेव्हा हळूच म्हणाले, “मी काही बोलायचं नाही ना मधे? मला राहवत नाही, तू मला खूण कर.” पण त्याची जागा तिसऱ्या रांगेत आणि ते सगळ्यात मागं. खूण करायला मागं वळावं लागलं असतं.

तास रंगला. सात मशीनं फुकट वाटणारा मालक हा वर्गाला मोठाच विनोद वाटत होता. एकानं फळ्यावर आकृती काढली, एकीनं मालकाच्या स्वभावाचा आलेख काढला. मग प्राध्यापक म्हणाले, “एकतिसाव्या ओळीबद्दल कोण बोलेल?” आणि वर्गात हशा पिकला. काम शून्य, मशीन परत. हशा ओसरला तेव्हा सर सरळ त्याच्याकडं बघत होते. “तुम्ही सांगा.” त्यांना वाटलं असणार, केस याचीच आहे, हा काहीतरी वेगळं सांगेल, किंवा काही वाटलं नसेल, खुणा कमी आहेत म्हणून विचारलं असेल. तो उभा राहिला. काय सांगायचं ते त्याच्याजवळ तयार होतं, पुठ्ठ्याच्या घडीइतकं साधं: ती बावीस मिनिटं हेच काम होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच वाक्य बाहेर आलं. “सर, या मालकांना कारखाना चालवायचाच नाहीये. त्यांना दरबार भरवायचाय.” वर्ग असा खळखळून हसला की तो क्षणभर दचकला. वर्गात आल्यापासून त्याच्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. मग वाक्यं आपोआप येत गेली. “अडसर मशीनमध्ये नाही, मालकात आहे. मालक बाजूला काढला तर हा धंदा चालेल, आणि मालकाशिवाय धंदाच नाही. म्हणजे धंदा बंद करणं हाच उपाय.” बाकावर हात आपटले गेले. कुणीतरी म्हणालं, घुम्या पेटला रे! दाराजवळच्या बाईनं खूण केली, आणि ती खूण करताना तो बघत होता. ते सुख होतं, हे कबूल करायला हवं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आपला आवाज आपल्याला आवडला होता.

सरांनी हात वर करायला सांगितले. कारखाना बंद करावा असं कुणाला वाटतं? वर्गभर हात वर गेले आणि त्याचाही गेला, कारण आत्ताच एवढं बोलून खाली कसा ठेवणार. “चालू ठेवावा असं कुणाला वाटतं?” सर थांबले. त्यांनी बराच वेळ दिला, त्याला आज वाटत होतं की जरा जास्तच वेळ दिला. एकही हात वर झाला नाही. त्या वेळात त्यानं मान वळवून मागं बघितलं नाही. मग ओळख झाली, वर्ग चपापला, टाळ्या झाल्या, आणि वडील उभे राहिले. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. “मुलांनी फार बारकाईनं बघितलंय,” ते म्हणाले. “माझं मला एवढं ठाऊक नव्हतं.” पाच मिनिटं मिळालेला तो बोलका माणूस अर्ध्या मिनिटात खाली बसला. बाहेर कॉरिडॉरमध्ये मात्र त्यांनी त्याचा दंड धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “काय बोललास रे! मी तुला एवढं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी आईला सांगतो.” तेव्हा सांगायचं होतं. कॉरिडॉर रिकामा होता, वेळ होता, दंड त्यांच्या हातात होता. पण कौतुक होत होतं, आणि त्यानं ते होऊ दिलं.

दीड महिन्यांनी आईचा फोन आला, की यांनी कारखाना बंद केला. सात मशीनं ज्यांच्याकडं होती त्यांनाच देऊन टाकली. तो ‘बरं’ म्हणाला. परीक्षा चालू होती. नंतर त्यानं स्वतःची समजूत घातली, की वय झालंच होतं, पाठ दुखायची, आराम मिळाला, आणि कोण जाणे, वर्ग बरोबरही असेल. मग त्या केसला सत्रातली उत्तम केस म्हणून निवडलं, मग मुलाखतीत समोरच्या तिघांनी त्याच केसबद्दल विचारलं, ‘दरबार’ हा शब्द त्यांनाही आवडला, आणि सल्लागार कंपनीत नोकरी ठरली. लोकांचे धंदे पाहून काय बंद करावं ते सांगायची नोकरी. घरी गेलं की वडील दार उघडायचे, ‘ये’ म्हणायचे, आणि खुर्चीत जाऊन बसायचे. आई म्हणायची, “घरात दोन माणसं आहेत असं वाटतच नाही बघ. मी विचारलं तर हो-नाही. आधी वाटायचं, हा माणूस जरा गप्प बसेल तर बरं. आता जीव घाबरतो.” तो मान खाली घालून जेवायचा आणि पुढच्या बसनं निघायचा.

आज तो एक स्टॉप आधीच उतरला. कारखान्यावरून जायचं नाही असं ठरवून उतरला आणि कारखान्यावरूनच गेला. तिथं आता रंगीत मासे विकणारं दुकान होतं. फळ्यांच्या जागी काचेच्या टाक्या, पाण्यात निळे दिवे, आणि जिथं स्टूल असायचं तिथं पंपांची खोकी रचलेली. जमिनीवर मात्र स्टुलाच्या चार पायांचे घासलेले डाग तसेच होते. दुकानदार म्हणाला, “काय दाखवू?” तो म्हणाला, “काही नाही, बघत होतो.” दुकानदारानं पुन्हा आपलं लक्ष फोनमध्ये घातलं. परत सुरू करा असं वडिलांना सांगायचं, असं काहीतरी वेडं मनात घेऊन तो आला होता हे त्याला इथं उभं राहिल्यावर कळलं. कुठं सुरू करणार? कशावर? इथली जागा गेली होती, मशीनं गेली होती, माणसं दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडं जायला लागली होती. आता फक्त खरं सांगता येणार होतं, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. तरी सांगायचं, असं ठरवून तो निघाला.

आईनं दार उघडलं, अवेळी कसा आलास म्हणून आधी घाबरली, मग चहा टाकायला गेली. वडील खिडकीपाशी बसले होते. हातात वर्तमानपत्र होतं, पण घडी मोडलेली नव्हती. तो समोर बसला. विषयाला हात कसा घालावा हे बसमध्ये तासभर घोकलं होतं, ते सगळं विसरलं.

“बाबा, त्या दिवशी वर्गात मी जे बोललो ना...”

“कुठल्या दिवशी?” ते म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

“मला तसं वाटत नव्हतं. त्या शिंपीणबाईचं सगळं मला ठाऊक होतं. ते कामच होतं. मी गुणांसाठी बोललो. हसले म्हणून बोललो. हात पण तसाच वर केला.” एवढं तो एका दमात बोलला. “तुम्ही माझं ऐकून कारखाना बंद करायला नको होता.”

 वडील रागावतील असं त्याला वाटलं, आणि रागावले तर बरं होईल असंही वाटलं.

“अरे, हात मीपण वर केला होता,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“मग? तू केलास ना. तुझ्या वर्गात, तुझ्या मास्तरांसमोर, तुझा बापच तुझ्या विरुद्ध बसलाय असं दिसलं असतं. आणि मला वाटलं, एवढा शिकलेला पोरगा, त्याला काहीतरी दिसत असेल जे मला दिसत नाही. मग मी घरी येऊन शोधत बसलो, काय दिसलं असेल ते. नाही सापडलं. म्हटलं, आपल्यालाच कळत नाही.” ते जरा हसले. “मास्तर थांबले होते बराच वेळ. चालू ठेवावा असं कुणाला वाटतं म्हणून. एकजण तरी हात वर करेल असं मला वाटलं होतं.”

तो एकजण कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यालाही विचारायचं धैर्य झालं नाही. आतून कपबशांचा आवाज आला, आईनं साखर विचारली. त्याला रडू येत होतं आणि वडिलांसमोर रडायची सवय मोडून पंधरा वर्षं झाली होती, म्हणून तो खाली फरशीकडं बघत बसला.

“पुन्हा बोलावलंय त्यांनी,” वडील एकदम म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जरा धुगधुगी होती. “तुझ्या मास्तरांनी. नव्या मुलांना तीच केस आहे म्हणे, पुढच्या मंगळवारी. मागं बसायचं, आणि शेवटी पाच मिनिटं बोलायचं. आईला म्हटलं, तो इस्त्रीचा शर्ट काढून ठेव. मागच्या वेळी माझे शब्दच खुंटले. यंदा सांगणार आहे सगळं, पुठ्ठ्याचं, खिडकीचं. पाच मिनिटांत बसेल का रे ते?”

“बसेल,” तो म्हणाला. मग त्याला विचारायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. “आणि हात वर करायला सांगितले तर?”

वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“यंदा दुसऱ्या प्रश्नाला करणार,” ते म्हणाले. “यंदा तू नसशील ना वर्गात.”